वर्षाराणीचे सत्तावन्न

गारगोटीच्या बसस्थानकासमोर वर्षाराणी चौगलेचा फ्लेक्स लागला, तोही तिला न विचारता. दहा बाय आठचा. वर निळं आभाळ, दोन बाजूंना गुलाबाच्या माळा, मधे तिचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा दचकल्यासारखा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'कॅट परीक्षेत ९७.६२ टक्के! भुदरगडच्या लेकीची गरुडझेप!' ती तेव्हा शिरोलीच्या फौंड्रीत कामावर होती. तासाभरात तिच्या मोबाइलवर त्या फ्लेक्सचे अकरा फोटो आले. तिनं वडलांना फोन लावला.

"अण्णा, टक्के न्हाईत ते. पर्सेंटाइल हाय. म्हंजे परीक्षेला बसल्याली शंभर माणसं धरली, तर सत्त्याण्णव जण माझ्या मागं हाईत, असं."

"मग तर लईच भारी की!" गणपतराव ओरडले. फोनवर ते कायम ओरडूनच बोलत. माणूस लांब आहे तर आवाज तिथवर पोचायला नको का, असं त्यांचं म्हणणं. "टक्क्यात कुठं कळतंय मागं किती आन म्होरं किती? ऱ्हाऊ दे तसंच."

फ्लेक्स तसाच राहिला.

गणपतराव गावच्या दूध संस्थेचे सचिव. वर्षाराणी नऊ वर्षांची असल्यापासून सकाळी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसायची. गवळणी-गवळी रांगेनं दूध ओतत जायचे आणि शेवटची किटली रिकामी व्हायच्या आत पोरगी एकूण लिटर सांगून मोकळी व्हायची. कागद नाही, पेन्सिल नाही. गावातल्या म्हाताऱ्या तिला मुद्दाम अडवून बेरजा घालायच्या आणि हरायच्या. पुढं कोल्हापुरात तिनं संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि फौंड्रीत नियोजनाच्या कामाला लागली. कुठल्या भट्टीत कधी कुठला माल वितळवायचा, कुठले साचे आधी भरायचे, याचं वेळापत्रक तिच्याकडं. आधी दिवसातून दोन-दोन तास भट्टी नुसतीच तापत राहायची. हिनं सहा महिन्यांत ते अर्ध्या तासावर आणलं. मॅनेजर म्हणाले, "एमबीए कर पोरी. न्हाईतर जन्मभर हितंच तक्ते भरत बसशील."

ते तिच्या मनानं घेतलं. एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट परीक्षा द्यायची, असं तिनं ठरवलं.

अडचण एकच, इंग्रजी. तिला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वाचलेलं समजायचं, अगदी नीट समजायचं. पण मराठी शाळेतून आलेली ती, प्रत्येक ओळ एकदा इंग्रजीत आणि एकदा मनातल्या मनात मराठीत अशी दोनदा वाचायची. परीक्षेत वाचनाच्या विभागाला चाळीस मिनिटं आणि प्रश्न चोवीस. तिथं दोनदा वाचणाऱ्या माणसाचं अवघड होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत उदयसिंह सरांचा कॅटचा क्लास होता. दोघी मैत्रिणींनी मिळून नाव घातलं. दुसरी मुस्कान, जयसिंगपूरच्या कुतुबुद्दीन टेलरची मुलगी, वर्षाराणीची खोलीतली जोडीदारीण. मुस्कानचं इंग्रजी पाण्यासारखं आणि गणिताची धास्ती. वर्षाराणीनं तिला रोज तासभर गणित शिकवायचं आणि मुस्काननं हिला इंग्रजी, असं ठरलं होतं. पहिले दोन महिने ते चाललंही. मग सरांनी वर्षाराणीला बाजूला घेतलं.

"तू इंग्रजीत वेळ का घालवतीस?" ते म्हणाले. "तुझं गणित आणि तर्क एवढं जबर आहे की बाकी सगळं त्यात झाकून जाईल. परीक्षेत वाचनाचा विभाग पहिला येतो. तिथं पाच-सहा प्रश्न सोडव आणि शांत डोळे मिटून बस. डोकं शिणवू नकोस. पुढचे दोन विभाग ताज्या डोक्यानं फोड. एकूण बेरीज बघतात शेवटी."

बेरीज हा शब्द वर्षाराणीला पटला. बेरजेनं तिला आजवर कधी दगा दिला नव्हता. त्या दिवसापासून तिनं मुस्कानकडून इंग्रजी शिकणं सोडलं. मुस्कान मात्र तिच्याकडून गणित शिकत राहिली.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. वर्षाराणीनं वाचनाचे सहा प्रश्न सोडवले, घड्याळ बघितलं, अठरा मिनिटं उरली होती. तिनं डोळे मिटले. आजूबाजूला माऊसची टकटक चालली होती आणि ही देवळात बसल्यासारखी बसून राहिली. पुढचे दोन विभाग तिनं असे फोडले की बाहेर येऊन मुस्कानला म्हणाली, "आज भट्टी लई तापलीया बघ."

निकाल लागला. गणितात ९९.७, तर्कात ९८.८, वाचनात ५७. एकूण ९७.६२. मुस्कानचं वाचन ९३, तर्क ९०, गणित ८८ आणि एकूण ९४.१. दोघींनी खोलीत पेढे खाल्ले. सरांनी क्लासच्या दारावर वर्षाराणीचा मोठा फोटो लावला, 'गणितात ९९.७!' गावाकडचा फ्लेक्स त्याच आठवड्यातला.

मग जानेवारी उजाडला आणि मुलाखतीची बोलावणी यायला लागली.

पहिलं आलं मुस्कानला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "वर्षा, मेल बघ, मेल बघ! मला आलंय, तुला तर आलंच असणार!" वर्षाराणीनं डबा बाजूला सारला आणि मेल उघडला. त्याच संस्थेचा होता. 'आम्हाला कळवण्यास खेद वाटतो.' तिनं तो पुन्हा वाचला, सवयीप्रमाणं एकदा मराठीतही वाचला. अर्थ तोच निघत होता.

"आलंय न्हवं?" मुस्काननं पलीकडनं विचारलं.

"न्हाई आलेलं."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई घेतलेलं मला."

मुस्कान म्हणाली, "चूक झाली असणार त्यांची. नावात घोळ असणार."

वर्षाराणीलाही तसंच वाटलं. चौगले नावाच्या दोघी असतील, क्रमांक इकडचा तिकडं झाला असेल. पण संध्याकाळपर्यंत आणखी दोन संस्थांचा खेद आला. आठवड्यात एकूण सहा संस्थांनी खेद कळवला. त्यांतल्या चार संस्थांनी मुस्कानला मुलाखतीला बोलावलं होतं. एका खोलीत दोन खाटा. एका खाटेवर चार बोलावणी आणि दुसरीवर एकही नाही. बोलावणी त्या खाटेवर होती जिचे गुण कमी होते. वर्षाराणीला रडू येईना, राग येईना, काहीच येईना. एखाद्यानं भर बाजारात कानाखाली मारावी आणि आपण त्याचं तोंडच बघत राहावं, तसं तिचं झालं.

शनिवारी तिनं पहिल्या संस्थेला फोन लावला. फोन घेतलेल्या बाईंनी अर्ज क्रमांक विचारला, थोडा वेळ कळफलक वाजला.

"तुमचा एकूण स्कोअर चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे प्रत्येक विभागाला वेगळी किमान अट असते. सत्तर. तुमचा एक विभाग सत्तावन्न आहे."

"पण बाकीचे दोन जवळजवळ शंभर हाईत की, मॅडम."

"हो, दिसतंय मला. पण आधी प्रत्येक विभाग बघतात. तिन्हीत बसलात तरच एकूण बघतात. तुमचं एकूण कुणी पाहिलेलंच नाही."

तुमचं एकूण कुणी पाहिलेलंच नाही. फोन ठेवल्यावर ते वाक्य तिच्या कानात घुमत राहिलं. जे बघून गावानं फ्लेक्स लावला, अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, ते सत्त्याण्णव त्या संस्थेत कुणाच्या नजरेखालून गेलंच नव्हतं. दारातच सत्तावन्नानं तिला अडवलं होतं. आणि ही अट काही चोरून ठेवलेली नव्हती. मुस्काननं त्या संस्थेचं माहितीपत्रक उघडून दाखवलं, सातव्या पानावर सरळ छापलेलं होतं. इंग्रजीत, बारीक टायपात. वर्षाराणीनं ते पत्रक कधी पूर्ण वाचलंच नव्हतं. वाचायला वेळ लागतो म्हणून.

त्याच संध्याकाळी ती क्लासला गेली. सर मुलांचे पेपर तपासत होते. तिनं सांगितलं, ते ऐकत राहिले. तिला वाटलं होतं ते चकित होतील, कपाळाला हात लावतील, काहीतरी म्हणतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं फक्त.

"सर, तुम्हाला ही अट म्हाईत होती?"

"प्रत्येक संस्थेची वेगळी असते," सर म्हणाले. "दर वर्षी बदलते."

"पण अट असती हे म्हाईत होतं?"

सरांनी पेपरांचा गठ्ठा सारखा केला. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला होता, तो बराच वेळ वाजत होता. तो थांबल्यावर ते म्हणाले, "तीन वर्षं झाली वर्षा, क्लासमधून कुणी गणितात नव्याण्णवच्या वर गेलं नव्हतं. पुण्याच्या क्लासनी इथं शाखा काढल्या. पोरं तिकडं पळायला लागली. तू आलीस तेव्हा मला वाटलं, हिच्याकडनं होईल."

"आन इंग्रजी?"

"इंग्रजीत तुझे सत्तावन्नाचे सत्तर झाले असते, पण गणित कदाचित सत्त्याण्णववर आलं असतं. सत्त्याण्णवचा फोटो कोण बघतं?"

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की वर्षाराणीला क्षणभर कळलंच नाही आपण काय ऐकलं. मग कळलं. या माणसाला ती वर्षभर गुरू मानत होती. दसऱ्याला तिनं पाया पडून आपट्याची पानं दिली होती.

"सर," शेवटी ती म्हणाली, "माझा फोटो उतरवा."

"अगं, ॲडमिशनचा सीझन आहे..."

"मी उतरवतो मग."

कोल्हापूरच्या पुष्कळ मुलींसारखी ती 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची. सरांच्या कानाला ते रोजचं होतं. पण त्या दिवशी तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि दारावरचा फोटोचा फ्लेक्स चारही कोपऱ्यांतून तोडला. गुंडाळी करून काखेत मारली. सर बघत राहिले. वर्गातली मुलंही बघत राहिली. मुस्कान खाली जिन्यापाशी उभी होती, तिनं गुंडाळीचं दुसरं टोक धरलं आणि दोघी खोलीवर गेल्या.

गावाकडं सांगणं त्याहून कठीण गेलं. गणपतरावांना ते कळेचना. "आगं, दुधाच्या टँकरला काय एक किटली पातळ आली म्हणून अख्खा टँकर परत पाठवत्यात व्हय?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच गप्प बसले. कारण कधी कधी पाठवतात, हे त्यांना माहीत होतं. आई बाळाबाई चुलीपुढून म्हणाली, "पोरीला जेवू घाला आधी. तोंड बघा तिचं."

एक बोलावणं आलं शेवटी. पुण्याजवळची एक संस्था नुसतं एकूण बघायची. मार्चमध्ये वर्षाराणी मुलाखतीला गेली. समोर तिघं. मधले गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून तिचा कागद वाचत होते. वाचता वाचता ते थांबले, शेजाऱ्याला कागद दाखवला आणि हसत इंग्रजीत म्हणाले, "हे तिन्ही आकडे एकाच व्यक्तीचे आहेत ना?"

वर्षाराणीच्या कानशिलात रक्त चढलं. परीक्षेला अंगठा घेतात, फोटो काढतात, हे त्यांना ठाऊक असणारच. तरी त्यांनी विचारलं. चोरी न करता चोर ठरण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. मग ती शब्द जुळवत सावकाश इंग्रजीत बोलली. माझेच आहेत. मी वाचायला वेळ घेते. सहाच प्रश्न सोडवले, त्यांतले पाच बरोबर आले. आणि अठरा मिनिटं डोळे मिटून बसले होते.

चष्मेवाल्या गृहस्थांनी कागद खाली ठेवला.

"डोळे मिटून?" कडेला बसलेल्या बाई पुढं झुकल्या. केस पिकलेले, आवाज मऊ. "का?"

"क्लासच्या सरांनी सांगितलं होतं."

बाईंनी हातातलं पेन ठेवलं. मग मराठीतच म्हणाल्या, "आणि तुम्ही ऐकलंत?"

त्या प्रश्नात रागही नव्हता, टोमणाही नव्हता. बाईंना खरोखरच नवल वाटलं होतं. दोन महिने वर्षाराणी सरांना मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. पण त्या अठरा मिनिटांत पापण्या तिच्या होत्या. मिटल्या तिनंच. आपल्याला जे जमत नाही ते सोडून द्यायला कुणीतरी मोठ्या माणसानं परवानगी दिली, आणि आपण ती घाईघाईनं घेतली, हे तिला तिथं, तीन अनोळखी माणसांसमोर, पहिल्यांदा दिसलं.

त्या संस्थेनं तिला प्रतीक्षा यादीत टाकलं. एकेचाळिसावा क्रमांक. यादी एकोणिसावर थांबली.

जूनमध्ये मुस्कान गेली, दूर परराज्यात. निघताना तिच्या अब्बांनी, कुतुबुद्दीननी, वर्षाराणीच्या हातात शिवलेली एक कापडी पिशवी ठेवली आणि म्हणाले, "माझ्या पोरीचं गणित तू केलंस बाळा. तिचं अठ्ठ्याऐंशी तुझं हाय." हा हिशेब वर्षाराणीनं कधी मांडलाच नव्हता. तिनं शिकवलेलं गणित मुस्कानला अटीच्या वर घेऊन गेलं होतं, आणि मुस्काननं शिकवलेलं इंग्रजी हिनं अर्ध्यात टाकून दिलं होतं.

तिनं पुन्हा अर्ज भरला. क्लास नाही. सकाळी शिरोलीच्या कंपनी बसमध्ये ती इंग्रजी पेपरातला एक लेख वाचायची. रोज एकच. पहिल्या महिन्यात बस पोचली तरी लेख संपायचा नाही. शेजारचा फिटर ज्ञानू विचारायचा, "काय ओ मॅडम, अजून कालच्याच पानावर?" दुपारी डबा खाताना मुस्कानचा फोन यायचा.

"सांग, काय म्हणतोय लेखवाला?"

"म्हणतोय की शहरात झाडं लावून भागत न्हाई, जगवाय लागत्यात."

"आणि त्याला खरंच तसं वाटतंय, की दुसऱ्याचं मत सांगून तो ते खोडतोय?"

वर्षाराणी पुन्हा लेख बघायची. "हात्तिच्या! खोडतोय की गं!"

असं पाच महिने चाललं. हळूहळू मनातलं मराठी वाचन मागं पडत गेलं. एक दिवस बस शिरोलीच्या फाट्याला वळायच्या आत लेख संपला आणि तिनं घाबरून तो पुन्हा पहिल्यापासून बघितला, मधलं काही गाळलं तर नाही ना म्हणून. गाळलं नव्हतं. मात्र गणिताच्या सरावाला वेळ कमी पडत होता, हेही तिला दिसत होतं. सराव परीक्षेत तिचे गणिताचे गुण दर वेळी थोडे घसरायचे.

दुसरा निकाल तिनं फौंड्रीच्या कँटीनच्या पायरीवर बसून बघितला. गणित ९८.१. तर्क ९४. वाचन ८१.५. एकूण ९६.०५.

गेल्या वर्षीपेक्षा दीडानं कमी. ती त्या आकड्याकडं बघत बसली. वर्षभर घासून आपण खाली आलो, एवढंच तिला कळलं. गावाकडं तिनं आकडा सांगितलाच नाही.

जानेवारीत बोलावणी आली. पाच. त्यांतल्या तीन संस्था अशा, ज्यांनी गेल्या वर्षी खेद कळवला होता. तिसरं बोलावणं आलं तेव्हा तिनं गणपतरावांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडं इतकी शांतता पसरली की तिला वाटलं फोन कट झाला.

"अण्णा?"

"हाय की." गणपतराव आयुष्यात पहिल्यांदा फोनवर हळू बोलले. "मार्क कमी पडलं, आन बोलावणी जास्त आली?"

"व्हय."

"गेल्या सालची वर्षा हुशार का औंदाची?"

"गणितात गेल्या सालची."

"मग ही माणसं कशी निवडत्यात गं?"

तिनं फोन ठेवला. कँटीनपाशी ती थांबली, तेव्हा ज्ञानू चहाचे दोन कप घेऊन आला, तिचा चेहरा बघून एक कप तिच्या हातात देऊन निघून गेला. आनंद व्हायला हवा होता. झाला नव्हता असंही नाही. पण त्याच्या वर कसलातरी बधिरपणा साचला होता. तीच ती. तेच डोकं, तीच बोटं, तीच खोली. मधे एक वर्ष आणि पाच महिन्यांचे लेख. एवढ्यावर दार बंद होतं आणि एवढ्यावरच ते उघडतं, हे तिच्या पचनी पडेना. गारगोटीत, कबनुरात, कुठल्या कुठल्या गावांत किती जणींचं एकूण कुणी न बघता परत गेलं असेल, हा विचार त्या दिवशी तिच्या डोक्यातून हलला नाही.

मुलाखती झाल्या. एप्रिलच्या शेवटी एका संस्थेनं तिला घेतलं, जिच्या बाईंनी फोनवर तिला सत्तरची अट सांगितली होती तिनंच. बाळाबाईनं ऐकलं, पदरानं हात पुसले आणि विचारलं, "जेवाण कसलं असतंय तितं?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्षाराणी दोन बॅगा घेऊन संस्थेच्या नोंदणीच्या टेबलापाशी उभी राहिली. टेबलामागच्या तरुण प्राध्यापकांनी तिची फाइल उघडली, गुणपत्रिकेवरून नजर फिरवली आणि समाधानानं मान हलवली.

"छान आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "अगदी समतोल विद्यार्थिनी."

ते कुणाबद्दल बोलताहेत ते न कळून वर्षाराणीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. प्राध्यापकांनी खोलीची किल्ली पुढं केली, तशी तिनं ती घेतली, सही कुठं करायची ते विचारलं, आणि समोरची तीन पानांची नियमावली, बारीक टायपातली, तिथंच उभ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.